गटार मिळाली, मत राहिलं : पंचायत बिनविरोध करायला बसलेल्या मंडळींना खुलं पत्र

आबा, नाना, अण्णा आणि बैठकीला असलेल्या सगळ्या जाणत्या मंडळींना रामराम.

परवा देवळात बैठक झाली आणि यंदाही पंचायत बिनविरोध करायचं ठरलं, हे मला गिरणीत कळलं. आमच्या वस्तीवर बोलावणं आलं नव्हतं. पण गावात पिठाची गिरणी एकच असली की बातमीला बोलावणं लागत नाही. पायलीभर ज्वारी दळून होईपर्यंत कोणत्या प्रभागात कुणाला घ्यायचं, कुणाला बसवायचं, उपसरपंचपद अडीच-अडीच वर्षं कुणात वाटायचं, सगळं पिठाच्या डब्याशेजारी येऊन पडतं.

तोंडावर बोलायची हिंमत नाही म्हणून लिहिते आहे असं समजू नका. तोंडावर मागच्या वेळी बोलले होते. हे त्याच्या पुढचं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. २०२१ च्या जानेवारीत राज्यात चौदा हजारांवर ग्रामपंचायतींच्या निवडणुका होत्या, त्यात आपलीही. मी प्रभाग दोनमधून अर्ज भरला होता. घरपट्टीची थकबाकी भरली, शौचालयाचा दाखला काढला, अपत्यांचं स्वयंघोषणापत्र लिहिलं. ऑनलाइन अर्जाची साइट चालेना. तालुक्याच्या सायबर कॅफेत दोन दिवस बसले, आणि शेवटच्या दिवशी कागदी अर्ज घेणार म्हटल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभी राहिले. छाननीत अर्ज टिकला. त्या रात्री तुम्ही सात-आठ जण आमच्या अंगणात आलात. चहा झाला. "ताई, एका अर्जासाठी अख्ख्या गावाला निवडणूक लागते. तू शहाणी आहेस. गावासाठी एवढं कर." मी विचारलं, "मीच का?" तर नाना म्हणाले, "बाकीच्यांनी ऐकलंय." मग वस्तीतली गटार बंदिस्त करून द्यायचा शब्द दिलात. ४ जानेवारीला माघारीची मुदत दुपारी तीनपर्यंत होती. अडीच वाजता तुमच्याच गाडीतून जाऊन मी माघारीच्या कागदावर सही केली.

आणि तुम्ही शब्द पाळलात. वर्षाच्या आत गटार झाली. पावसाळ्यात दारात साचणारं पाणी गेलं, डास कमी झाले, पोरं शाळेत चप्पल घालून जाऊ लागली. खोटं कशाला बोलू?

मग तक्रार काय, असं तुम्ही विचाराल. ती तक्रार नीट सांगता यावी म्हणून तर एवढं लांबलचक लिहायला बसले आहे. मी मुक्त विद्यापीठातून बी.ए. केलं ते राज्यशास्त्र घेऊन, गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजात पुस्तकं वाचून. त्यात एक जुना वाद होता: लोकशाही चांगली कशासाठी म्हणायची? तिच्यामुळं रस्ते-पाणी-शाळा चांगल्या होतात म्हणून, की काहीही झालं तरी माणसाला विचारलं जाणं हीच मुळात मोलाची गोष्ट आहे म्हणून? परीक्षेत मी दोन्ही बाजू लिहून आले, मार्कही बरे पडले. पण तो प्रश्न मला खरा कळला तो गटार झाल्यावर, एका ग्रामसभेत.

पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातून कोणती कामं धरली याची यादी मी मागितली. माझा एवढाच प्रश्न होता. खुर्चीवरून उत्तर आलं, "तुमची गटार झाली ना, ताई?" सभेत हशा पिकला. मी खाली बसले.

त्या रात्री झोप लागली नाही. गटार घरपट्टीच्या आणि सरकारी निधीच्या पैशातून झाली होती, कुणाच्या खिशातून नाही. मग ती 'माझी' कशी झाली? कारण मी तिच्या बदल्यात काहीतरी दिलं होतं. मत देऊन मिळालेल्या गटारीबद्दल मी पुढच्या खेपेला आणखी काही मागू शकले असते. माघार देऊन मिळालेली गटार म्हणजे व्यवहार झाला, आणि व्यवहार मिटल्यावर पुन्हा मागायला गेलं की माणूस हावरा दिसतो.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. २०१५ ची निवडणूक मी पाहिली आहे. दोन सख्खे भाऊ दोन पॅनलमध्ये होते. बापाच्या दहाव्याला ते वेगवेगळ्या वेळी आले. आमच्या घरानं एका बाजूचा प्रचार केला म्हणून अर्धं गाव आठ महिने शेजारच्या गावी दळायला जात होतं. माझं किती नुकसान झालं ते माझ्या वहीत आहे. मटणाच्या पंगती, ढाब्यावरची बिलं, मतदानाच्या आदल्या रात्रीची पाकिटं. निवडणूक म्हणजे पवित्र गंगा असं मी म्हणणार नाही. खर्च वाचतो, भांडण वाचतं, एकोपा राहतो, ही तुमची तिन्ही कारणं खरी आहेत.

तुमच्या बाजूचं सगळ्यात मोठं उदाहरणही मीच देते, म्हणजे पुढच्या बैठकीत ते शोधत बसायला नको. नगर जिल्ह्यातलं हिवरे बाजार. पोपटराव पवार १९८९ साली तिथं बिनविरोध सरपंच झाले, आणि पुढची तीसेक वर्षं त्या गावात पंचायतीला मतदान झालं नाही. त्या काळात काय झालं ते सगळ्या देशानं पाहिलं. डोंगरावर चर खणले, झाडं लावली, शेतीसाठी बोअर बंद, उसाला बंदी, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद गावासमोर. टँकरचं गाव बागायती झालं. लोकशाहीचं मोल नुसतं निकालावर ठरवायचं म्हटलं तर मी आताच हात जोडते, माझ्याकडं उत्तर नाही. आपल्याकडच्या कित्येक निवडणुका लढवलेल्या गावांनी हिवरे बाजारच्या पासंगाला पुरेल एवढं काम केलेलं नाही.

पण त्याच गावात २०२१ ला काय झालं ते बघा. बिनविरोध जमलं नाही. तीस वर्षांनी पहिल्यांदा मतदान झालं आणि सातच्या सात जागा पोपटरावांच्याच पॅनलला मिळाल्या. विहिरींचं पाणी आटलं नाही, झाडं वाळली नाहीत. एक गोष्ट मात्र नव्यानं झाली. लोक आपल्याबरोबर आहेत हे तोवर धरून चालायचं होतं, आता ते मोजून समजलं. आणि विरोधात किती आहेत तेही. बैठकीत माना डोलतात तेव्हा कोण मनापासून डोलवतं आणि कोण उसनवारीमुळं, ते देवालाच ठाऊक. पडद्याआडचं बटण एवढ्यासाठीच असतं. आणखी एक, हिवरे बाजारात मतदान नसलं तरी ग्रामसभा दणकून भरत होती, पाण्याचा हिशेब चारचौघांत मांडला जात होता. आपल्याकडं त्यातलं मतदान नसणं तेवढं उचललं. ग्रामसभेचं रजिस्टर सह्यांसाठी घरोघर फिरतं, हे मी बघते.

दुसरं टोकही त्याच निवडणुकीतलं. नाशिक जिल्ह्यातलं उमराणे आणि नंदुरबारमधलं खोंडामळी. तिथं बिनविरोध करायला पंचायतीच्या पदांचा लिलावच झाला. उमराण्यात देवळाच्या बांधकामासाठी २ कोटी ५ लाखांची बोली लागली, खोंडामळीत ४२ लाखांची. व्हिडिओ सगळीकडं फिरले. राज्य निवडणूक आयोगानं दोन्हीकडची निवडणूक रद्द केली. तेव्हा गिरणीत बसून आपल्यातलाच एक जण म्हणाला होता, "पैसा कुणाच्या खिशात गेला? देवाला गेला. गावाचं भलंच झालं." मी काही बोलले नाही, कारण त्याचं गणित बरोबर होतं. दोन कोटीत देऊळ चांगलं झालं असतं. नुसतं फळ बघणाऱ्यानं त्या लिलावाला नाव ठेवूच नये. तरी तुम्हाला-मला दोघांनाही ते वाचून कसंसंच झालं. का झालं? पैशाचा हिशेब चुकला म्हणून नाही. उमराण्यात ज्याच्याकडं दोन कोटी नाहीत तो गावाच्या हिशेबातूनच गेला म्हणून. आपल्याकडं लिलाव झाला नाही. बोली लहान होती, एवढाच फरक. एक गटार.

त्याच वेळी नगर जिल्ह्यातल्या एका आमदारांनी जाहीर केलं होतं की जे गाव बिनविरोध करेल त्याला २५ लाखांचा निधी. गुजरातेत तर बिनविरोध गावांना बक्षीस द्यायची 'समरस गाव' म्हणून २००१ पासून सरकारी योजनाच आहे. मला एक साधा प्रश्न पडतो. तो निधी आपल्याच करातला. रस्ता हवा असेल तर तो वाईट रस्ता आहे म्हणून द्या. आम्ही तोंड मिटलं म्हणून बक्षीस देणार असाल तर मग आमचं तोंड किती किमतीचं होतं, ते तरी कळलं.

हा वाद आपल्याला नवा नाही. आपल्या आजे-पणज्यांनी तो साहेबाशी घातला आहे. आगगाडी, टपाल, कायदा, पेंढाऱ्यांपासून सुटका, हे सगळं साहेबानं दिलं, मग तुम्हाला आणखी काय हवं, असं तेव्हाचे शहाणे विचारत. आपल्या भाषेनं त्यावर दोन शब्द वेगळे केले, सुराज्य आणि स्वराज्य. १९१६ साली टिळक बेळगावला आणि नगरला याच विषयावर बोलले, शेतकऱ्यालाही कळेल अशा मराठीत. कारभार चांगला की वाईट हा त्यांचा मुद्दाच नव्हता. घर आमचं, तर त्याचा कारभार दुसऱ्यानं कितीही नीट केला तरी तो आमच्या हातात का नाही, हा होता. सरकारनं त्या भाषणांवरून वर्षभर चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागितला, तो पुढं हायकोर्टानं रद्द केला. टिळक जयंतीला शाळेत फोटोला हार घालताना आपण स्वराज्याचं वाक्य सगळ्या गावाकडून म्हणवून घेतो. माघारीच्या दिवशी मात्र सुराज्याचं बोलतो.

आणि दुसरी जयंती. तिथं तर तुम्ही भाषणंच करता, म्हणून आठवण देते. १९१९ साली मताधिकाराचा विचार करायला साऊथबरो समिती आली होती. तिच्यापुढं साक्ष द्यायला सत्तावीस वर्षांचे आंबेडकर गेले. प्रतिनिधी निवडण्याचा हक्क आणि सत्तेच्या जागेवर बसण्याचा हक्क, नागरिकत्वात हे दोन सगळ्यात महत्त्वाचे, असं त्यांनी तिथं मांडलं. अडाण्यांना मत देऊन काय उपयोग, आधी शिकू द्या, या म्हणण्यावर त्यांचं उत्तर असं की मत वापरणं हेच शिक्षण आहे. पुढं १९४८ मध्ये संविधान सभेत त्यांनी गावाबद्दल काय म्हटलं तेही वाचा एकदा. गाव म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं कोठार, असा त्याचा भावार्थ. तुम्हाला राग येईल. मलाही आला होता, गाव माझंही आहे. पण 'गाव एक आहे' असं तुम्ही म्हणता तेव्हा त्या एकात वस्ती कुठं बसते, ते मी पाहिलं आहे. ती पायरीवर बसते.

आता कुणी म्हणेल, बाई तत्त्वाच्या गोष्टी सांगते, पोट तत्त्वानं भरत नाही. बरं, पोटाचंच बोलू. माझ्या सासूबाई १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला होत्या. पोट सहा महिन्यांचं आणि हातात हातोडी. सुकडी खाऊन दिवस काढले. त्या दुष्काळात पिकं जवळजवळ बुडाली, जनावरं गेली, पण १९४३ मध्ये बंगालात झालं तसं माणसं लाखांनी मेली नाहीत. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी हेच दाखवून दिलं. निवडणुकीला सामोरं जावं लागणाऱ्या आणि वर्तमानपत्रं मोकळी असलेल्या सरकारला उपासमारीकडं डोळेझाक परवडत नाही. रोजगार हमी त्याच दिवसांत वाढली, पुढं तिचा कायदा झाला. हा लोकशाहीच्या फळाचा हिशेब झाला, आणि तो माझ्या बाजूचा आहे.

पण त्याच सेन यांनी हेही लिहिलंय की दुष्काळ टाळणाऱ्या या लोकशाहीला रोजची अर्धपोटी भूक हटवता आली नाही. चीननं मतपेटीशिवाय गरिबी आपल्यापेक्षा भराभर कमी केली, आणि त्याच चीनमध्ये १९५८ नंतरच्या दुष्काळात कोट्यवधी माणसं मेली, कारण वरच्यांना खालून सांगणारं कुणी नव्हतं. एका पानावर हिशेब आपल्याकडं झुकतो, दुसऱ्या पानावर त्यांच्याकडं. म्हणून मला वाटतं, नुसत्या फळावर लोकशाही टांगली तर एखाद्या वर्षी कमी पीक आलं की लोक झाडच तोडायला निघतील.

शिवाय फळ गोड की आंबट हे ठरवायला तोंड कुणाचं? पश्चिम बंगालातल्या बीरभूममध्ये आणि राजस्थानातल्या उदयपूरमध्ये राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर दुफ्लो या अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी पंचायतींचा अभ्यास केला, तो २००४ मध्ये छापून आला. जिथं आरक्षणानं बाई प्रमुख झाली तिथं पिण्याच्या पाण्यावर जास्त काम झालं, कारण गावातल्या बायांची मागणी तीच होती. बाकीच्या पंचायतींनी कामं केलीच नव्हती असं नाही. त्यांनी त्यांच्या नजरेला दिसलेली कामं केली. तुम्ही मागच्या पाच वर्षांत देवळापुढं पेव्हर ब्लॉक टाकले, कमान उभारली, हायमास्ट लावला. चांगलीच कामं आहेत. दलित वस्तीच्या नळाला आजही दिवसाआड पाणी येतं, तेही पहाटे चारला. 'बिनविरोधमुळं विकास झाला' हे वाक्य ज्याच्या दारात हायमास्ट आहे त्याच्या तोंडी शोभतं.

एक प्रसंग सांगायचा राहिला. खरं तर तोच आधी सांगायला हवा होता.

१५ जानेवारी २०२१. शेजारच्या गावांत मतदान होतं, आपल्याकडं नव्हतं. मी सकाळी गिरणी उघडली. नऊच्या सुमाराला सासूबाई बाहेर आल्या. धुवट नऊवारी, डोक्यावरून पदर, कनवटीला मतदार कार्ड. म्हणाल्या, "चल, गर्दी व्हायच्या आत जाऊन येऊ." आमच्या बोलण्यातून त्यांना तारीख कळली होती, बिनविरोधचं कळलं नव्हतं. मी सांगितलं, "आई, आपल्याकडं मतदान नाही. ठरलं सगळं." त्या थोडा वेळ थांबल्या. मग विचारलं, "मग माझं मत कुणी टाकलं?"

मी गिरणीचं बटण दाबलं आणि आवाजात उत्तर बुडवलं.

त्या अडाणी आहेत, अंगठा लावतात. त्यांच्या एका मतानं आजवर कुठली निवडणूक फिरली नसेल आणि त्यांना ते कळतं. २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये २७ हजारांहून जास्त लोकांनी 'नोटा' दाबलं, निवडून आलेला सोडून बाकी सगळ्या उमेदवारांना मागं टाकून ते दुसऱ्या क्रमांकाला आलं. त्या लोकांच्या मतानं निकाल तसूभर हलला नाही. तरी ते रांगेत उभे राहिले. नुसत्या फळासाठी कुणी उन्हात उभं राहतं का? आम्ही आहोत, आम्हाला पटलेलं नाही, याची नोंद व्हावी एवढ्यासाठीच ते उभे होते. बिनविरोध झालं की ते 'नोटा'चं बटणसुद्धा हातातून जातं. नाराजी लिहून ठेवायला जागाच उरत नाही, आणि मग ती गिरणीत, पारावर, दारूच्या गुत्त्यावर निघते.

एकोप्याबद्दल एवढंच म्हणेन की एकोपा असेल तर तो एका दिवसाच्या मतदानानं मोडू नये. मोडत असेल तर भांडण होतंच, आपण त्यावर गोधडी घातली होती. त्यापेक्षा पाकिटं बंद करू, मटणाच्या पंगती बंद करू, दोन्ही पॅनलनी एकाच पारावर, एकाच संध्याकाळी आपापलं म्हणणं मांडायचं असं ठरवू. खर्च वाचवायचाच असेल तर तो इथं वाचतो. अशी बैठक लावा, चहा माझ्याकडून.

मी यंदा पुन्हा अर्ज भरते आहे. पडेनही. आमच्या प्रभागातली आकडेमोड मला तुमच्याइतकीच येते आणि ती माझ्या बाजूची नाही. कुणी विचारलं तर सांगा, पडायलाच उभी राहिली आहे. पण किती मतांनी पडले ते मला बघायचंय. तेवढी माणसं या गावात आहेत हे मग तुम्हालाही कळेल. पुढच्या ग्रामसभेत मी यादी मागितली की तेवढ्या माणसांनी ती मागितलेली असेल.

घरपट्टीची पावती काढून ठेवली आहे. शौचालयाचा दाखला भाऊसाहेब सोमवारी देतो म्हणालेत. सासूबाईंनी नऊवारी धुऊन ट्रंकेत वर ठेवली आहे. अंगणात यायचं असेल तर जरूर या, चहा होईल. फक्त माघारीच्या दिवशी गाडी पाठवू नका. त्या दिवशी दुपारी तीनपर्यंत मी गिरणीतच असेन. बाजरी असो, ज्वारी असो, घेऊन या, दळून देईन.

तुमचीच,
वस्तीवरची गिरणीवाली